धुऱ्यावरचे पाच दगड

आमच्या घरात नलूताई राहायला आली तेव्हा मी आठवीत होते, आणि मला कोळ्याची एवढी भीती होती की न्हाणीच्या कोपऱ्यात एखादा बसलेला दिसला तर मी त्या दिवशी आंघोळच करायची नाही. हे आधीच लिहून टाकते. पुढं मी जे काही पराक्रम सांगणार आहे ते वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. आमच्या गल्लीत अजूनही दोन-चार म्हातारी माणसं मला ‘कोळीवाली कुशावर्ता’ म्हणतात आणि मी मान डोलावते. मान डोलवायला काय लागतं?

परभणीच्या स्टेशनापलीकडं, रुळांच्या अंगाला आमचं पत्र्याचं घर होतं. तीन खोल्या एकीपुढं एक, त्यामुळं शेवटच्या खोलीतल्या माणसाला बाहेर पडायचं तर घरातल्या सगळ्यांच्या पायांवरून जावं लागायचं. मालगाडीचे डबे जोडले की जो दणका बसायचा त्यानं फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागायचे, आणि आई चुलीपुढून म्हणायची, “झालं, बसली गाठ.” सकाळी तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मी उठायची. तो आवाज थांबला की समजायचं, आता हाक येणार. अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी मुरमुऱ्याची सुशीला. घरात एक पंखा होता, तो आण्णांच्या डोक्यावर फिरायचा. आण्णा म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत शिपाई. कचेरीतल्या साहेबांसमोर ते जितके वाकायचे तितकेच घरी ताठ बसायचे.

त्याच साहेबांनी शब्द टाकला म्हणून नलूताई आमची शेवटची खोली घेऊन राहायला आली. कोल्हापूरकडची. शेतकी कॉलेजात पुढचं शिक्षण करायला आलेली. एक ट्रंक, एक वळकटी आणि दोन खोके भरून रिकाम्या बरण्या. आईला वाटलं लोणची घालणारी दिसते, बरं झालं.

“कशाचं शिक्षण म्हणलीस, माय?” आईनं विचारलं.

“कोळ्यांचं, काकू. शेतातल्या कोळ्यांचं. कोणकोणते आहेत, कुठं राहतात, काय खातात.”

आईनं वर बघितलं. आढ्याला चांगली दोन-चार जाळी लोंबत होती. “त्यात शिकायसारखं काय हाय? केरसुणी मारली की झालं.”

ताई हसली. त्या दिवसापासून आमच्या आढ्याला केरसुणी लागली नाही, कारण ताई रोज त्याखाली उभी राहून वहीत काहीतरी लिहायची, आणि लिहिणाऱ्या माणसापुढं केरसुणी घेऊन जायला आईला लाज वाटायची.

आण्णांनी एकच अट घातली होती. परक्याची तरणी लेक आपल्या भरवशावर आहे, ती एकटी शिवारात फिरणार नाही. सोबतीला कुशी जाईल. आमच्याकडं सोबत ही फार मोठी गोष्ट. बाई एकटी विहिरीवर गेली तर लोक बोलतात, पण तिच्या मागं सहा वर्षांची पोर चालत असली तरी ती एकटी नसते. माझ्यासारख्या काडीपैलवान पोरीनं प्रसंग आलाच असता तर काय केलं असतं, हे कुणी विचारलं नाही. मी जोरात ओरडू शकते एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. शाळेत मात्र मी सांगितलं की मी संशोधनाला जाते.

मग रविवारमागून रविवार आम्ही फिरलो. पॅसेंजरनं सेलूला, एस्टीनं पेडगावच्या पुढं, मिळेल तिथून बैलगाडीनं, न मिळेल तिथून पायी. ताई पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, ढीग उलटायची, विहिरीच्या कपारीत डोकावायची, गोवऱ्यांच्या उडव्यात हात घालायची. मी बरणी धरायची. बरणी धरायची म्हणजे दोन्ही हात लांब करून, तोंड फिरवून, डोळे मिटून उभं राहायचं. ताईला बरेच दिवस वाटत होतं की मी प्रत्येक जिवासाठी देवाची प्रार्थना करते. मीही ते तसंच राहू दिलं. कोळी अंगावर मुतला की फोड येतात असं आई सांगायची, म्हणून निघतानाच मी मानेला, हाताला राख चोळून निघायची. सेलूच्या गाडीत एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, “पोरी, बरणीत काय हाय गं?” मी म्हटलं, “लोणचं.” ती म्हणाली, “मग झाकणाला भोकं कामून पाडल्यात?” मी म्हटलं, “मिरचीचं हाय, वाफ जायला.” बाईनं निमूटपणं आपली पिशवी पलीकडं सरकवली. मला खोटं किती पटकन सुचायचं हे आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

ताईला खरा हवा होता तो मोठा, केसाळ, जमिनीत बीळ करून राहणारा कोळी. टॅरँटुला म्हणायची ती. आईनं एकदा बरणीतून बघितला आणि त्याचं नाव अस्वल्या ठेवलं, तेच आमच्या घरात चाललं. पावसाळ्याच्या अखेरीस ताईला तीन अस्वले सापडले होते, पण तिन्ही नर. नर आपले बायको शोधत रस्त्यावर हिंडतात, म्हणून सापडतात. मादी घर सोडत नाही. वर्षानुवर्षं त्याच बिळात. आणि मादी बघितल्याशिवाय जात ठरत नाही, जात ठरल्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही असं ताईच्या सरांचं म्हणणं. ताईच्या वडिलांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काम उरकलं आणि सरांनी पुढं शिकायला घेतलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून घरी यायचं, स्थळं बघायला सुरुवात करायची. ताई हे हसत सांगायची. पण तिच्या उशाला कॅलेंडर असायचं आणि त्यावर ती रोज फुली मारायची.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते. पेडगावच्या पुढच्या एका खेड्यात, नाव मुद्दामच सांगत नाही, आम्ही दुपारभर हिंडलो आणि परतायच्या वाटेवर ताई एकदम खाली बसली. दोन शेतांच्या मधला धुरा, म्हणजे बांध. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला ज्वारी. धुऱ्याच्या उतारावर एका रांगेत पाच बिळं. तोंडं गोल, आणि आतून पांढऱ्या रेशमाचं अस्तर लावलेलं, एखाद्या हौशी शिंप्यानं लावावं तसं. ताईनं ज्वारीची काडी एका बिळात हलकेच फिरवली. आतून कुणीतरी काडी ओढली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चार पावलं मागं गेले.

पण एस्टीची वेळ झाली होती, आणि खणायची हत्यारं घरी. “कुशा,” ताई म्हणाली, “मी नकाशा काढते. तू प्रत्येक बिळाशी एक झेंडी रोव, नंबरानं. पुढच्या रविवारी येऊ.” लाल चिंध्या बांधलेल्या काड्यांचा जुडगा सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. तो जुडगा सकाळी खिडकीची जागा धरताना मी एस्टीतच विसरले होते. आता हे सांगायचं तर ताई काय म्हणेल? इकडंतिकडं बघितलं तर तुरीच्या कडेला विहीर, विहिरीच्या काठावर गाडग्यात भिजवलेला चुना आणि काथ्याचा कुंचा. आसपास कुणी दिसेना. मी पाच गोल दगड निवडले, त्यांना छान चुना दिला, आणि एकेका बिळाच्या डोक्याशी एकेक ठेवला. आणि नंबर हवा ना, म्हणून विटेच्या तुकड्यानं पहिल्यावर एक लाल रेघ, दुसऱ्यावर दोन, असं पाचव्यापर्यंत. लांबून बघितलं तर इतकं नीटनेटकं दिसत होतं की मला माझंच कौतुक वाटलं. ताई नकाशात गुंग होती. ती म्हणाली, “झालं?” मी म्हटलं, “झालं.”

आता परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस, दोन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी सगळं घरदार शेतात जाऊन जेवतं, आणि जेवायच्या आधी शेतात पाच दगड मांडून, त्यांना चुना लावून, पाच पांडव म्हणून त्यांची पूजा होते. मी स्वतः दर वर्षी मामाच्या शेतात ते दगड रंगवलेले. आणि तरी एका धुऱ्यावर, येळवशीच्या तोंडावर, एका रांगेत पाच पांढरे दगड वर लाल रेघा ओढून मांडताना माझ्या टाळक्यात काहीच आलं नाही. मी संशोधन करत होते ना.

पुढच्या रविवारी आम्ही खुरपी, चमचे, मोठी बरणी सगळं घेऊन गेलो. धुऱ्यावर आठ-दहा माणसं. दगडांवर कुंकू, पुढं फुटलेले नारळ, उदबत्ती, आणि तुरीच्या फांदीला बांधलेली भगवी पताका. एक म्हातारबाबा लोकांना समजावून सांगत होते, “ह्यो बगा, एक रेघ, धर्मराज. दोन रेघा, भीम. पाच रेघा, सहदेव. लिव्हलेलं हाय वरून. आपल्यातलं कुणाला येतंय का असं लिव्हायला?” विटेच्या त्या रेघा ओढताना माझा हात जरा हलला होता, तर भीमाच्या रेघा मुद्दाम जाड आहेत असंही कुणीतरी म्हणालं. ज्वारीच्या बाजूला एक मोठ्या मिशांचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, आणि त्याची बैलजोडी लांब दूर सोडलेली. तुरीच्या बाजूला एक काळी, उंच बाई पदर खोचून आल्यागेल्याच्या हातावर गूळखोबरं ठेवत होती. तिनं माझ्याही हातावर ठेवलं. मी खाल्लं. चांगलं होतं.

ताईनं हलक्या आवाजात विचारलं, “हे गेल्या वेळी नव्हतं ना गं?”

“आपली नजर गेली नसंल. झेंड्या लोकांनी उपटल्या असतील,” मी म्हटलं. आता बोलावं, आता बोलावं असं करत मी गूळ चघळत राहिले. एवढी माणसं, एवढे नारळ. आणि खरं सांगायचं तर, माझ्या हातून काहीतरी इतकं मोठं झालं होतं की मला आतून जरा फुगल्यासारखंही वाटत होतं.

ताईनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. “लोकांचा देव आहे, कुशा. इथं आपण हात लावायचा नाही.” आणि ती मागं वळून न बघता रस्त्याला लागली. एस्टीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. खिडकीची जागा मीच दिली होती. त्या आठवड्यात मी केलेलं तेवढंच एक पुण्य.

घरी आईनं ऐकलं आणि तिचं काहीतरी भलतंच झालं. “पांडव आपोआप परगटले? आन् तुमी तितं व्हता?” येळवशीला मामाकडं न जाता आई मला घेऊन तिथंच गेली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात भज्जी, म्हणजे डाळीदाण्यांची मिसळभाजी, बाजरीचे उंडे, आणि आंबिलीची घागर, आमच्याकडचं बिंदगं. ताई आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. आईनं पाचही दगडांवर हळदकुंकू वाहिलं, आंबील शिंपडली आणि मला म्हणाली, “कुशे, पाया पड. नीट, डोकं टेकून.” मी माझ्या हातानं काढलेल्या रेघांना डोकं टेकलं. सहदेवापाशी टेकलं तेव्हा माझं नाक बिळापासून वीतभर होतं. त्या एका नमस्कारात जेवढी भक्ती होती तेवढी माझ्यात पुन्हा कधी आली नाही.

दोन दिवसांनी ताईच्या वडिलांचं पत्र आलं. संक्रांत तोंडावर आली, परवा येतो, सामान बांधून ठेव. ताईनं पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि ट्रंक ओढली. बरण्या धुऊन आईला देऊन टाकल्या, “काकू, आता लोणची घाला.” आई त्या बरण्या हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिला लोणच्यासाठी एवढ्या बरण्या आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या, पण तिनं एकही फळीवर ठेवली नाही. ताई तीन खोल्या ओलांडून अंगणात गेली, माझ्या पायांवरून गेली, आणि पहिल्यांदाच ‘सरक गं’ म्हणाली नाही. मला तिथंच काहीतरी टोचलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला म्हणून निघाले आणि एस्टीत बसले. दप्तरात एक बरणी आणि आण्णांची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. ठरवलं होतं, गावात जायचं, पारावर उभं राहायचं, चारचौघांत सांगायचं की तो देव नाही, मी आहे. प्रत्यक्षात पारावर तीन माणसं आणि एक कुत्रं होतं आणि माझं सगळं धैर्य कुत्र्यापाशीच संपलं. मग म्हटलं, न सांगताच कोळी काढू. धुऱ्यावर कुणी नव्हतं, ऊन डोक्यावर. मी सहदेवापुढं बसले, ज्वारीची काडी घेतली, बिळात घातली. आतून काडी ओढली गेली. काडीच्या मागून दोन केसाळ पाय आले. नंतर काय झालं ते मला आठवत नाही, पण मी तुरीत होते आणि एक चप्पल धुऱ्यावर.

“काय गं, देवाला गुदगुल्या करायलीस व्हय?”

ती उंच, काळी बाई माझ्या मागंच उभी होती. हातात खुरपं. मी उभ्या उभ्या रडायला लागले आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. झेंड्या, चुना, रेघा, ताई, उद्या येणारे वडील. बाईनं पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच.

“मला काय नवं सांगायलीस? मी ह्याच तुरीत व्हते की. माज्या गाडग्यातला चुना चोरलीस, कुंचा बी तसाच टाकून गेलीस. वाळून लाकूड झाला त्यो.”

“मग तुमी बोलला कामून न्हाई?”

“बोलायचं कशाला? पयलं कुंकू मीच लावलं. पयला नारळ बी माजाच.”

बाईचं नाव गयाबाई. ती धुऱ्यावर बसली आणि खुरप्याच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली. ज्वारीच्या बाजूचं शेत तिच्या दिराचं, म्हणजे त्या मोठ्या मिशांच्या माणसाचं. वाटणी झाली तेव्हा हा धुरा खाट टाकावी इतका रुंद होता. दीर दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घ्यायचा, एकच, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असा. “आता बकरी सुदीक नीट चालंना ह्याच्यावरनं. आमचे मालक भावापुढं तोंड उघडत न्हाईत. मी बोलले की म्हणणार, बाईमाणसानं घर फोडलं. आन् तू आलीस, पाच दगूड मांडलेस आन् गेलीस. त्या दिसापासनं बैल लांब सोडतोय बग. टोपी काडतोय.”

“पण ते खोटं हाय,” मी म्हटलं. मी, खोट्याबद्दल.

“मग जा, सांग पारावर. माजा धुरा जाईल. धुरा गेला की तुज्या कोळ्याचं घर बी जाईल. नांगराखाली काय ऱ्हातंय?” तिनं खुरप्याची माती झटकली. “पोरीला उद्या खरंच नेणारेत?”

मी मान हलवली.

“एकच मिळंल. पाचव्यातलं. दगूड हलवायचा न्हाई, आन् ह्ये गावात कुटं बोलायचं न्हाई.”

मला वाटलं होतं, बिळांत आंबील जाऊन ते जीव केव्हाच गुदमरले असतील. तसं म्हटलं तर गयाबाई चिडली. “मी काय येडी हाय का बिळात वतायला? बायांना पयल्या दिशी सांगितलंय, आंबील दगडाच्या म्होरं. आत जीव हाय.” मग तिनं काडी फिरवली, अगदी निवांत, चुलीतली राख सारावी तशी. मादी तोंडाशी आली. गयाबाईनं खुरपं तिच्या मागच्या मातीत तिरकं खुपसून परतीची वाट बंद केली आणि दुसऱ्या हाताचा आडोशासारखा द्रोण करून तिला बरणीत चालवत नेली. माझ्या तळहाताएवढी, कॉफीच्या रंगाची, पायांच्या टोकांना जरा उजळ. हे वर्णन मी नंतर बरणीच्या बाहेरून बघून करते आहे. त्या वेळी मी तुरीच्या चौथ्या तासात उभी होते आणि तिथून विचारत होते, “निघाली का?”

एस्टीत मी बरणी दस्तीत गुंडाळून मांडीवर धरली. कुणी विचारलं असतं तर त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

ताईनं दस्ती सोडली आणि ती तिथंच बसली, बांधलेल्या ट्रंकेवर. तिनं बरणी उजेडाकडं धरून फिरवली. मग पहिला प्रश्न, “कुठली?” तिच्या शास्त्रात असा नियम होता की जीव कितीही दुर्मिळ असो, तो नेमका कुठं सापडला हे बरणीच्या चिठ्ठीवर नसेल तर त्याची किंमत शून्य. गयाबाईला दिलेला शब्द एकीकडं आणि ताईची चिठ्ठी दुसरीकडं. शेवटी मी ताईला सगळं सांगितलं, गावात बोलायचं नाही एवढाच शब्द दिला होता अशी मनाची समजूत घालून. ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “आणि त्या दिवशी तू शेजारी उभी राहून गूळ खात होतीस,” ती म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. आई स्वयंपाकघरातून विचारत राहिली, “काय झालं? पोरीला काय झालं?” ताईनं आईला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. आई त्या पांडवांवर श्रद्धा ठेवूनच गेली.

ताईनं पेन उघडलं. गावाचं नाव लिहिलं. शेताचा बांध, उतार दक्षिणेला, असं लिहिलं. मग तिनं विचारलं, “काढली कुणी? तू?”

एवढं सगळं खरं बोलून झालं होतं. आणखी एक शब्द काही जड नव्हता. पण ताई माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की तशी नजर माझ्या वाट्याला तोवर कधी आली नव्हती. जिला बरणी धरताना डोळे मिटावे लागतात त्या पोरीनं, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, “हो.” ताईनं मला जवळ घेतलं, आणि चिठ्ठीवर पकडणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं.

वडील आले. त्यांनी सुशीला खाल्ली, बरणीकडं चष्मा वर करून, चष्मा खाली करून बघितलं. “हिच्यासाठी थांबायचं?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, “हिच्यासाठीच थांबले होते, बाबा. आता हिच्यामुळं थांबते.” ते ताईला सोबत घेऊन सरांकडं गेले, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. ताई पुढं तीन वर्षं आमच्याकडं होती. बरणीतली मादी मरेपर्यंत आमच्या फळीवर राहिली, मग स्पिरिटमध्ये कॉलेजात गेली. ताईचा लेख छापून आला, त्यात इंग्रजीत माझं नाव. ते पान आण्णांनी तसबिरीत घातलं, माझ्याबरोबर सासरी पाठवलं, आणि माझ्या सासऱ्यांनी ते आल्यागेल्याला दाखवलं. गयाबाईकडं मी दोन येळवशींना गेले. मग लग्न, मुलं, आणि ते राहूनच गेलं. ती गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. दीरही गेला. धुरा तेवढाच रुंद आहे असं ऐकते.

मागच्या महिन्यात नातवाच्या ओळखीची चार मुलंमुली घरी आली. ही मुलं सुट्टी मिळाली की मोटरसायकलवर गावोगाव कोळी शोधत फिरतात, फोनवर फोटो काढतात. त्यांनी तसबिरीतलं पान वाचलं आणि माझ्यापुढं मांडी घालून बसली. “आजी, तुम्ही ती मादी कशी काढली, करून दाखवा ना.” मी खुर्चीतून पुढं सरकले आणि हातानं दाखवलं. काडी अशी फिरवायची, निवांत. खुरपं असं, तिरकं. हाताचा द्रोण असा, आडोशाला. एक मुलगी ते सगळं फोनमध्ये घेत होती. मधेच माझं माझ्या हातांकडं लक्ष गेलं, आणि ते मला माझे वाटेनात.

मुलं गेल्यावर मी कोल्हापूरला फोन लावला. ताईला आता कमी ऐकू येतं, त्यामुळं मला हे जोरात सांगावं लागलं, शेजारणीलाही ऐकू गेलं असणार. “ताई, ती मी काढली नव्हती. गयाबाईनं काढली. मी तुरीत होते.”

पलीकडं खण उघडल्याचा आवाज आला. मग ताईचा आवाज आला, सरळ, चिठ्ठी लिहिताना असायचा तसा. “म्हणजे चिठ्ठी चुकलीय, कुशा. दुरुस्त करायला पाहिजे. मी कॉलेजाला पत्र टाकते. त्या बाईंचं पूर्ण नाव सांग.”

गयाबाई एवढंच मला माहीत. तिच्या मालकांचं नाव, आडनाव, काहीच मी कधी विचारलं नव्हतं. तिच्या धुऱ्यावरचा गूळ खाल्ला, चुना चोरला, कोळी आणला, आणि नाव विचारलं नाही.

येत्या येळवशीला त्या गावात जाऊन विचारून यायचं आहे. कामून पाहिजे असं तिच्या घरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. एस्टीत ठरवीन.